मदत हवी आहे : लॅक्स्टन गावच्या खुल्या शेतांचा इतिहास

इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातल्या लॅक्स्टन गावी मध्ययुगीन खुल्या शेतांची पद्धत आजही चालू असून, तीन मोठ्या शेतांतील पट्टे निरनिराळे शेतकरी कसतात आणि गावचे पंच हिवाळ्याच्या तोंडावर गव्हाच्या शेताची पाहणी करून, वाटेवर किंवा शेजाऱ्याच्या हद्दीत नांगर घालणाऱ्यास दंड करतात. (बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात भांडणाऱ्या आपल्या लोकांना हे वाचून नवल वाटेल.) १६३५ च्या नकाशात तर एकेक पट्टा दाखवलेला आहे. इतरत्र संसदेच्या कायद्यांनी अशी शेते वाटली जाऊन एकेका मालकाच्या कुंपणाआड गेली असता लॅक्स्टनची कशी वाचली, याचा मी अभ्यास करीत आहे. गावचे पूर्वीचे जमीनदार असलेल्या मॅन्व्हर्स घराण्याची कागदपत्रे नॉटिंगहॅम विद्यापीठात आहेत. त्यांच्या प्रती भारतातून कशा मागवाव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे. तिकडे राहणाऱ्या कुणी ती पाहणी प्रत्यक्ष पाहिली असल्यास तेही अवश्य कळवावे.