जामानिमा : ‘निमा’ म्हणजे नेमके काय?

‘एवढा जामानिमा करून कुठे निघालात?’ या प्रश्नातला जामानिमा म्हणजे समारंभाला साजेसा, डोक्यापासून पायापर्यंतचा पूर्ण पोशाख, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र त्यातला ‘निमा’ हा ‘जामा’ला केवळ नादासाठी जोडला आहे, अशी समजूत अनेकदा आढळते. ती पटण्यासारखी नाही. असे जोडशब्द करताना मराठी माणूस सहसा ‘बि’ची मदत घेतो, जसे पाणीबिणी किंवा कपडेबिपडे, त्या न्यायाने येथे ‘जामाबिमा’ व्हायला हवे होते.

दोन्ही शब्द फारसीतले आहेत आणि दोन्ही वस्त्रांची नावे आहेत. फारसीत ‘जामा’ म्हणजे मुळात कोणतेही वस्त्र. हिंदुस्थानातील दरबारांत मात्र तो शब्द एका विशिष्ट झग्यासाठी रूढ झाला. छातीवर एक पदर दुसऱ्यावर घेऊन काखेखाली बंदांनी बांधायचा, कमरेपर्यंत अंगाबरोबर बसणारा आणि तेथून खाली चुण्यांचा मोठा घेर सोडणारा असा तो पोशाख असे. हे बंद मुसलमान उजवीकडे आणि हिंदू डावीकडे बांधत, त्यामुळे जुन्या चित्रांतील व्यक्ती ओळखताना अभ्यासकांना या गाठीचा उपयोग होतो. ‘निमा’ हा ‘नीम’, म्हणजे अर्धा, यापासून आला असून तो जाम्याच्या आत घालायचा आखूड कपडा होय. निमसरकारी, निमशहरी, निमगोरा यांतला ‘निम’ तोच. वैदिक संस्कृतातील ‘नेम’ (अर्धा) हा त्याचा दूरचा भाऊबंद. म्हणजे जामानिमा केला याचा मूळ अर्थ आतला आणि बाहेरचा असे दोन्ही कपडे अंगावर चढवले, काही उणे ठेवले नाही, असा होतो.

अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवले आहे की, अकबराने अनेक कपड्यांना नवी देशी नावे दिली: जाम्याला ‘सर्बगाती’, म्हणजे सर्व गात्रे झाकणारा, आणि शालीला ‘परमनरम’. नावे मोठी सुंदर होती, पण बादशहाचा हुकूम असूनही लोकांच्या तोंडी जामा जामाच राहिला.

मराठीत एकटा ‘जामा’ आता जवळजवळ नाहीसा झाला आहे. बंगालीत तो रोजच्या सदऱ्याचे नाव बनला. आपल्याकडे तो पायजाम्यात, जामेवार शालीत आणि ‘जामदारखाना’ या शब्दात टिकून आहे. जामदार म्हणजे वस्त्रागाराचा राखणदार. जामदारखान्यात कपड्यांबरोबर जडजवाहीरही ठेवले जाई, आणि जामदार हे आडनाव त्याच हुद्द्यावरून आले.

दरबारी पोशाखाचे शब्द असे मूळ अर्थापासून सरकत जाणे नवे नाही. ‘शिरपाव’ हा फारसी ‘सर-ओ-पा’चा, म्हणजे डोके आणि पाय यांचा, मराठी अवतार, पूर्वी तो अंगभर पोशाखाचा नजराणा होता, आज केवळ कौतुकाची थाप आहे. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रे मिळाली असे आपण म्हणतो, तेव्हा कापड कोणाच्या डोळ्यांपुढे येते? पद मिळाले एवढेच आपण समजतो.

जामानिमा याच वाटेने निघाला आहे. छायाचित्रकार तिकाटणे, दिवे, छत्र्या असा सगळा जामानिमा घेऊन आला, असे आज सर्रास लिहिले जाते, आणि त्यात चूक मानण्याचे कारण नाही. ‘पूर्ण सरंजाम’ हा भाव मूळ जोडीतच होता. शब्द पुल्लिंगी आहे आणि एकवचनीच वापरला जातो. फक्त एक पथ्य पाळावे: त्याला आता किंचित थट्टेचा वास येतो, म्हणून सत्कारमूर्तींच्या वेषाचे गंभीरपणे वर्णन करायचे असेल, तेथे ‘पेहराव’ किंवा ‘पोशाख’ लिहिणे बरे.