प्रोस्टेटसाठी दुधीचा रस : कुणाला खरंच फरक पडलाय का?

रानजाई
बाबा ७१ वर्षांचे. रात्री चार-पाचदा उठतात, धार बारीक, जाऊन आल्यावरही लघवी उरल्यासारखी वाटते. सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलेली, ४६ ग्रॅम, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ठीक. डॉक्टरांनी टॅमसुलोसिन ही धार मोकळी करणारी गोळी दिलीय, पण ती पट्टी डब्यात तशीच पडून आहे. कारण फिरायच्या ग्रुपवर 'दुधी-टोमॅटो-तुळस, २१ दिवस' असा मेसेज आलाय. पहाटे साडेपाचला मिक्सर, आणि झोपताना दुसरा मोठा पेला. आज अकरावा दिवस. कुणाला गुण आला का? की दुसरा कुठला रस बरा?

खडूस_आजोबा
झोपताना पेलाभर रस प्यायचा आणि मग रात्री कितीदा उठलो ते मोजायचं, वा! मी ६८, सहा वर्षं याच वाटेवर. चहा, ताक, रस जे काय असेल ते संध्याकाळी सातच्या आत. नुसत्या तेवढ्यानं माझ्या चार फेऱ्यांच्या दोन झाल्या. धार सुटली ती मात्र गोळीनं, आठवड्याभरात. सुरुवातीला उठताना गरगरायचं, म्हणून पलंगावर जरा बसून मग उठायचो.

मेतकूट
दुधी चाखून घेता ना? कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू रस पिऊन मृत्यू झाला होता. त्यानंतर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) समितीनं सांगितलं : आधी काप चाखा, कडू लागला तर फेकून द्या, दुसऱ्या रसात मिसळू नका. टोमॅटो-तुळशीत तो कडवटपणा लपतो, हीच खरी भीती. प्यायल्यावर उलट्या, पोटात कळ, जुलाब झाले तर थेट दवाखाना.

वनवासी
आमच्या काकांना गोखरूच्या काढ्यानं उतार पडला. वायवर्णा, पुनर्नवाही देतात. सगळंच थोतांड म्हणू नका.

मेतकूट
थोतांड म्हटलं नाही. पण हे दुखणं आपोआपही कमी-जास्त होतं. सॉ पाल्मेटो ही अमेरिकेतली अशीच गाजलेली वनस्पती. २००६ आणि २०११ च्या चाचण्यांत ती खोट्या (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा सरस ठरली नाही, २०११ मध्ये तर तिप्पट डोस देऊनही. आणि खोट्या गोळीवाल्यांनाही बरं वाटलंच होतं! काकांचं काय झालं ते यावरून कसं ठरवणार? काढा घ्यायचाच तर वैद्यांना विचारून, आणि चालू गोळ्या सांगून. टोमॅटोचं म्हणाल तर त्यातलं लायकोपीन (लाल रंगद्रव्य) शिजवून, तेला-तुपाबरोबर जास्त अंगी लागतं. सार करा, जेवणात छान. त्यानं प्रोस्टेट आटेल असं मात्र मी म्हणणार नाही.

खडूस_आजोबा
एक राहिलंच. मागच्या थंडीत सर्दीची गोळी मनानेच घेतली आणि लघवी पार तुंबली. रात्री दोनला नळी घालावी लागली. पोट असं तट्ट फुगलं होतं की पायजम्याची नाडी सुटेना. सर्दीच्या बऱ्याच गोळ्या प्रोस्टेटवाल्यांना अशा अडवतात. दुकानदाराला आधी सांगायला सांगा. लघवीत रक्त दिसलं किंवा ती तुंबली, तर सकाळची वाट बघू नका.

रानजाई
सगळ्यांचे आभार. दिल्लीचं वाचून दाखवलं तर म्हणाले, "आपला दुधी परसातला आहे." तरी काप चाखला. कडू नव्हता, त्याची चणाडाळ घालून भाजी केली. गोळी तीन दिवस चालू आहे. काल दोनदाच उठले, पण मॅच बघत बारापर्यंत जागे होते, तेव्हा कालचा दिवस हिशोबात धरत नाही.