'थिंग'सारखीच आपली 'गोष्ट'

इंग्रजीत वस्तूला 'थिंग' म्हणतात, आणि 'थिंग म्हणजे मुळात सभा' हे काहींना पटत नाही, बैठकीची वस्तू कशी होईल म्हणून. पण ते खरं आहे. 930 मध्ये सुरू झालेली आइसलँडची संसद अजून आल्थिंगच म्हणवते, डेन्मार्कची फोल्केटिंग. सभेत ज्या प्रकरणाचा निवाडा व्हायचा त्याला थिंग म्हणू लागले, मग कुठल्याही बाबीला, शेवटी वस्तूला.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? आपली 'गोष्ट' घ्या ना. संस्कृतात गोष्ठ म्हणजे गाईंची जागा, त्यावरून गोष्ठी म्हणजे जमलेली माणसं, मग त्यांचं बोलणं. मराठीत ती कहाणीही झाली आणि 'एक गोष्ट राहिली' मधली बाबही. (गोठा त्याच घरचा. आमच्या वऱ्हाडात मात्र कोठा म्हणतात, तो कोष्ठावरून. त्याची भानगड वेगळी.) यवतमाळकडच्या आमच्या गावात गायकी, म्हणजे गुराखी, सकाळी आखरावर, म्हणजे गुरं जमवायच्या मोकळ्या जागेवर, ढोरं जमा करतो. ढोरं सोडायला आलेली माणसं तिथंच उभ्या उभ्या कापसाचा भाव, धुऱ्याचं (शेताच्या बांधाचं) भांडण, कोणाच्या पोरीसाठी आलेलं स्थळ, सगळं उरकून घेतात. गाईंच्या जागेची माणसांची बैठक कशी झाली असेल, हे ज्यानं आखर पाहिलं त्याला सांगावं लागत नाही. 'दुकानातून चार गोष्टी आण' हे मात्र माझ्या कानाला अजून इंग्रजीच वाटतं. आमच्याकडे दुकानातून सामान आणतात, गोष्टी ऐकून येतात.