जगून वाचलेल्यांनी बोललंच पाहिजे का?

गोदाकाठची: रविवारी कॉलेज रोडच्या वाचनकट्ट्यावर लूंग उंग या कंबोडियन लेखिकेवर चर्चा झाली. १९७५ साली ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट राजवटीने राजधानी नॉम पेन्ह रिकामं केलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. आईवडील आणि दोन बहिणी गेल्या, तिच्या हाती बंदूक आली. पुढे अमेरिकेत ती भूसुरुंगबंदीच्या मोहिमेची प्रवक्ती झाली. एक काका म्हणाले, "दुःखाचं सोनं केलं पोरीने." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला खटकलं. कंबोडियात चार वर्षांच्या आत १७ ते २० लाख माणसं मेली. वाचलेल्यांतल्या बहुतेकांनी भात लावला, पोरं वाढवली, तोंड उघडलं नाही. ते काय कमी पडले? आणि बोलणाऱ्याने दर वेळी बापाला घेऊन गेले तिथपासून सुरू करायचं, आपण चहाचे घोट घेत ऐकायचं!

पंचवटीकर: साफ असहमत. २०१८ मध्ये ख्मेर रूजचे दोन म्होरके वंशसंहारासाठी दोषी ठरले, ते काय सगळे गप्प बसले म्हणून? आणि आकी रा बघा. पोरवयात ख्मेर रूजनेच सैन्यात ओढला, सुरुंग पेरायला लावले. मोठेपणी तेच सुरुंग काठी नि चाकूने उकरून काढायला लागला. युद्ध संपलं तरी शेतातला सुरुंग कुणाचा तरी पाय पडेपर्यंत तसाच असतो, ताई.

गोदाकाठची: त्याने काढले, मान्य. काढले नसते तर तुम्ही त्याला नावं ठेवली असती का, एवढंच विचारतेय. आर्न चॉर्न-पाँड छळछावणीत बासरी वाजवून जगला. नंतर त्याने जिवंत राहिलेले म्हातारे वादक शोधून त्यांच्यापुढे शिष्य बसवले. पण यात अंगावर काटा येत नाही, म्हणून कट्ट्यावर त्याचं नावही निघालं नाही.

सातपूरचा फिटर: तुम्ही दोघं कहाणीतच अडकलात. त्या बाईची मागणी काय होती? सुरुंग बंद करा. १९९७ ला सुरुंगबंदीचा ओटावा करार झाला, मोहिमेला नोबेल मिळालं. भारताने आजवर सही केलेली नाही. यावर एकाने तरी हात वर केला?

पंचवटीकर: सीमेवर पाकिस्तान आहे भाऊ. सही करायला काय जातं, सातपूरला बसून?

सातपूरचा फिटर: मग हेच मांडा ना कट्ट्यावर, भांडू. डोळे पुसून भजी खाण्यापेक्षा बरं. पुढच्या वेळी करारच वाचायला घ्या, २२ कलमं आहेत फक्त. मराठीत कोण करून देतंय?