ट्युनिशिया: २०२१ मध्ये राज्यघटना असूनही अडवणारं कुणीच कसं नव्हतं?

आडवाट: २०११च्या उठावानंतर इजिप्तमध्ये अडीच वर्षांत लष्कर परतलं, ते समजतं; ते कधी गेलंच नव्हतं. पण ट्युनिशियात २०१४ ची घटना होती, दोन निवडणुकांत सत्ताबदलही झाले. मग २५ जुलै २०२१ ला राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली तेव्हा घटनेतला ब्रेक का लागला नाही?

कलमबहाद्दर: ब्रेक होता, पण तो ज्याच्या पायाखाली असायचा ती खुर्चीच रिकामी. सईद यांनी संकटकाळातल्या विशेष अधिकारांचं कलम ८० वापरलं. त्यात तीन अटी: पंतप्रधान आणि सभापतींशी सल्लामसलत, घटनात्मक न्यायालयाच्या अध्यक्षांना कळवणं, आणि संसद सतत अधिवेशनात. सईद यांनी पंतप्रधानांनाच बडतर्फ केलं आणि संसदेच्या दाराशी लष्करी गाडी उभी राहिली. ३० दिवसांनी सभापती किंवा ३० खासदार न्यायालयाला विचारू शकत होते की संकट अजून आहे का. विचारणार कुणाला? न्यायालय स्थापनच झालं नव्हतं.

शेषमोजणी: कारण गणितात आहे. १२ न्यायाधीश: चार संसदेचे, चार न्यायपरिषदेचे, चार राष्ट्राध्यक्षांचे. संसदेच्या चौघांना २१७ पैकी १४५ मतं हवीत. २०१८ मध्ये एकच निवडून आला. त्यात २०१५ च्या कायद्यानं क्रम लावून दिलेला, आधी संसद, मग इतर, म्हणून उरलेले आठही अडकले.

१४५ जमत का नाहीत? निवडणूक पद्धत बघा. समजा एका मतदारसंघात ८ जागा, ८०,००० मतं, म्हणजे एका जागेचा कोटा १०,०००. मोठ्या पक्षाला ३६,०००. बाकीच्यांना ९,०००, ८,०००, ७,०००, ६,५००, ६,२००, ४,३०० आणि ३,०००. मोठ्याला कोट्यानं ३ जागा, शिल्लक ६,०००. उरलेल्या ५ जागा सर्वाधिक शिल्लकवाल्यांना, म्हणजे पहिल्या पाच छोट्यांना. डी'होंट पद्धतीत (प्रत्येकाची मतं १, २, ३... नं भागून सर्वांत मोठ्या भागाकारांना जागा) याच मतांवर मोठ्याला ५ मिळाल्या असत्या. २०११ मध्ये एन्नाहदा हा इस्लामवादी पक्ष ८९ जागांवरच थांबला तो यामुळे.

आडवाट: म्हणजे दोन-तृतीयांशची अटच चुकली?

शेषमोजणी: घटना लिहिण्यापुरती ती बरोबर होती. २०१३ मध्ये दोन नेत्यांच्या हत्यांनंतर सगळं मोडायच्या बेतात होतं. युजीटीटी ही कामगार संघटना, उद्योजकांची संघटना, मानवाधिकार लीग आणि वकील संघटना यांनी पक्षांना टेबलाशी बसवलं. एकट्याच्या बळावर घटना रेटता येणार नाही हे एन्नाहदाला माहीत होतं, म्हणून ते बसले. शेवटी घटनेच्या बाजूनं २१६ पैकी २०० मतं. उलट इजिप्तमध्ये घटना समितीतले धर्मनिरपेक्ष सदस्य आणि चर्चचे प्रतिनिधी बाहेर पडल्यावर घाईनं मसुदा रेटला. डिसेंबर २०१२ च्या सार्वमताला जेमतेम तिसरा हिस्सा मतदार आले.

घोळ नेमणुकीत झाला. कोंडी झाली तर पुढे काय, हे लिहिलंच नाही. मार्च २०२१ मध्ये संसदेनं १४५ चे १३१ केले आणि क्रमही काढला. सईद यांनी न्यायालय स्थापण्याची मुदत उलटल्याचं कारण देऊन सही नाकारली. (ते घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक!)

कलमबहाद्दर: पुढचंही बघा. २०२२ च्या त्यांच्या घटनेत ९ न्यायाधीशांचं न्यायालय आहे, तेही २०२४ च्या निवडणुकीपर्यंत बसलं नाही. प्रशासकीय न्यायालयानं तीन उमेदवारांना परत घ्या म्हटलं, निवडणूक आयोगानं ऐकलं नाही, आणि मतदानाला जेमतेम आठवडा असताना संसदेनं निवडणुकीचे वाद त्या न्यायालयाकडून काढूनच घेतले.