जुना लॅपटॉप: आत्ता बदलू की अजून थांबू?

आडवाट (धागाकर्ता):
माझा लॅपटॉप २०१७ चा. कोअर आय-५ ७२००यू, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. काम अनुवादाचं, म्हणजे वर्डच्या फाइली, शब्दकोशांचे दहा-बारा टॅब आणि अधूनमधून व्हिडिओ कॉल. सकाळी चालू करून अंघोळीला गेलो तर परत येईपर्यंत जेमतेम जागा झालेला असतो. बॅटरी पाऊण तासात संपते. टचपॅडचं डावं क्लिक महिनाभर दाबलंच जात नाही, म्हणून माउस लावलाय. वर्षभर असंच ढकलावं आणि मग एकदाच चांगला घ्यावा, असं वाटतंय. तुम्ही काय केलं असतं?

पिंपळपान:
थांबा. चालू झाल्याझाल्या टास्क मॅनेजर उघडा आणि प्रोसेसर किती आणि डिस्क किती वापरात आहे ते इथे लिहा.

आडवाट:
प्रोसेसर १४ टक्के. डिस्क १०० टक्के, आठ मिनिटं तिथेच अडकून होती.

पिंपळपान:
म्हणजे म्हातारी झाली ती डिस्क, लॅपटॉप नाही. हार्ड डिस्कचं हेड तबकडीवर इकडून तिकडे धावतं. शेकडो बारीक फाइली एकदम मागितल्या की ते धावण्यातच वेळ जातो. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारा भागच नसतो. साध्या साटा जोडणीची एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० एमबीच्या वर वाचते, तुमची डिस्क शंभरच्या आसपास. नुसती एसएसडी टाका, अनुवादाला हे मशीन अजून दोन वर्षं सहज पुरेल. शिवाय लॅपटॉपमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनतानाच होऊन जातो. चालणारं यंत्र टाकून देणं माझ्या तरी मनाला पटत नाही.

निळीशाई:
मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करून घरगुती वापरासाठी मिळणारी सुरक्षा अपडेट्सची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी लागते आणि तुमचा ७२००यू सातवीतला आहे. तुमच्याकडे दुसऱ्यांची कागदपत्रं येतात. करारनामे आणि वैद्यकीय अहवाल अपडेट्स बंद झालेल्या मशीनवर ठेवणार का? आणि थांबून स्वस्त मिळेल म्हणाल, तर २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत. कंपन्यांनी उत्पादन एआयच्या डेटा सेंटरकडे वळवलं. मायक्रॉन या रॅम बनवणाऱ्या कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आत्ताच घ्या.

पिंपळपान:
भाव चढलेत म्हणूनच थांबा म्हणतोय. चढ्या भावात लोक हात आखडून ८ जीबीचा घेतात. अनेक नव्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. मग पुढची सहा वर्षं तेच रखडणं. सुरक्षेचा मुद्दा खरा आहे, पण विंडोज काढून लिनक्स ही मोफत प्रणाली टाकता येईल.

निळीशाई:
ग्राहक वर्डच्या फाइलीत ट्रॅक चेंजेस, म्हणजे केलेले बदल दाखवणारी सोय, लावून पाठवतात. लिनक्सवर वर्डऐवजी वापरतात त्या लिबर-ऑफिसमध्ये एखादं कोष्टक सरकलं तर बोलणी अनुवादकाला बसतात. मी ते भोगलंय.

सुतारपक्षी:
दोघांचं भांडण क्षणभर बाजूला ठेवा. डावं क्लिक दाबलं जात नाही, हे कुणी वाचलं का? आडवाट, लॅपटॉप बंद करून मिटा आणि सपाट टेबलावर ठेवा. एका कोपऱ्यावर हलकं बोट ठेवलं तर डुगडुगतो का?

आडवाट:
हो, डुगडुगतो. आणि टचपॅडची कड एका बाजूला नखभर वर आली आहे.

सुतारपक्षी:
बॅटरी फुगली आहे. लिथियम-आयन सेल जुना झाला की आत वायू साठतो, पाकीट उशीसारखं फुगतं आणि टचपॅडला खालून रेटतं. आता चार्जर लावू नका, चालू करू नका, टचपॅड दाबून बसवायला जाऊ नका. टोचली किंवा दुमडली तर पेट घेऊ शकते. जाणकार दुरुस्तीवाल्याकडून आजच काढून घ्या. कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या. बॅकअपसाठीसुद्धा मशीन चालू करायची गरज नाही. हार्ड डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घातली की दुसऱ्या संगणकावर वाचता येते.

पिंपळपान:
हे माझ्या नजरेतून सुटलं. आधी एसएसडी टाका म्हणालो, ते चुकलं. आधी बॅटरी.

आडवाट:
काढून आणली. पाकिटाच्या मधोमध टेकाड आलं होतं, झाकणाचे दोन खटके तुटलेले. याच लॅपटॉपवर रात्रभर चार्जर लावून मी शेजारी झोपत होतो. डिस्क वाचली, सगळा मजकूर सुखरूप आहे. बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतोय. एसएसडी घेतोय, पुढे ती केसमध्ये घालून बॅकअपला वापरता येईल. मुदतवाढीची नोंदणी केली.

निळीशाई:
म्हणजे १३ ऑक्टोबरपर्यंतच. त्यापुढे ग्राहकांच्या फाइली त्यावर नकोत.

आडवाट:
मान्य. त्याआधी नवा घेईन, १६ जीबीचा.

पिंपळपान:
घेताना रॅम वाढवता येते का, तेवढं विचारा.