वादग्रस्त नेत्याचं निधन झालं की ग्रुपवर दोन तट पडतात. काय ठेवायचं आणि काय काढायचं?

तालुका_वार्ता यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या बातम्यांचं फेसबुक पान आणि त्याला जोडलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आम्ही चालवतो. ग्रुपमध्ये सगळ्या पक्षांची, सगळ्या जातीधर्मांची माणसं आहेत. ज्याच्यावर जीव ओवाळून टाकणारे लाखो आणि ज्याच्यामुळे पोळलेलेही हजारो, असा एखादा नेता गेला की पहिल्या तासातच एकीकडे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते आणि दुसरीकडे जुने हिशेब निघतात. मग एकमेकांचे फोन नंबर, पत्ते, ‘घरी येऊन दाखवतो’ची भाषा. २०१२ साली पालघरला काय झालं ते सर्वांना माहीत आहे, म्हणून सगळेच धास्तावलेले असतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गेलेल्या नेत्यावर टीका केली तर आजच्या कायद्यात नेमका कोणता गुन्हा होतो? सभासदाने काही लिहिलं तर अ‍ॅडमिनवर येतं का? आणि निधनाची बातमी देताना वादाचा भाग त्याच दिवशी लिहावा, की थांबावं?

---

कलम_आणि_कागद:

आधी पालघर नीट समजून घेऊ, कारण त्याबद्दल अर्धवटच बोललं जातं.

बाळासाहेब ठाकरे यांचं निधन शनिवारी, १७ नोव्हेंबर २०१२ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास मातोश्रीवर झालं. रविवारी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले आणि मुंबई व आसपासचा परिसर बंद होता. त्या दिवशी पालघरच्या २१ वर्षांच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं. आशय एवढाच की अशी माणसं रोज जन्मतात आणि मरतात, त्यासाठी बंद कशाला पाळायचा. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट ‘लाइक’ केली. शिवसेनेच्या स्थानिक शाखेतून तक्रार गेली. मुलीने पोस्ट काढली, माफीही मागितली. तरी त्याच रात्री जमावाने तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली आणि दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, दोघींना अटक झाली.

आता कलमं बघा. आधी लावलं तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं २९५अ, म्हणजे धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं. पोस्टमध्ये धर्माचा उल्लेखच नव्हता. मग ते बदलून ५०५(२), म्हणजे दोन गटांत वैर पसरवणं, आणि जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणं. लोक सगळा दोष ६६अ ला देतात, पण ते कलम जामीनपात्र होतं. ते एकटं असतं तर ठाण्यातूनच हक्काने जामीन मिळाला असता. मुलींना दंडाधिकाऱ्यांपुढे उभं राहावं लागलं ते अजामीनपात्र कलमामुळे. १४ दिवसांची न्यायालयीन कोठडी सुनावली गेली आणि त्याच दिवशी प्रत्येकी १५ हजारांच्या जातमुचलक्यावर सुटका झाली.

चौकशीनंतर ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले, दंडाधिकाऱ्यांची बदली झाली, पुढे प्रकरणही बंद झालं. निलंबनाच्या निषेधार्थ २८ नोव्हेंबरला पालघर पुन्हा बंद ठेवलं गेलं. म्हणजे बंदवरच्या एका ओळीपायी गावाने दहा दिवसांत दुसरा बंद पाहिला.

६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. त्यानंतरही काही ठाण्यांत ते लावलं जात होतं, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. तुमच्या कुणाच्या एफआयआरमध्ये आज ६६अ दिसलं तर वकिलाला पहिली गोष्ट तीच दाखवा.

१ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदललेत. २९५अ आता भारतीय न्याय संहितेत २९९, १५३अ (गटागटांत शत्रुत्व वाढवणं) आता १९६, आणि ५०५(२) आता ३५३(२). तिन्हींना साधारणपणे तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण लावायला अटी आहेत आणि पालघरला नेमक्या त्याच डावलल्या गेल्या:

– २९९ साठी धर्म हवा आणि दुष्ट हेतूही हवा. राजकीय नेता म्हणजे धर्म नव्हे, त्याच्या अनुयायांची श्रद्धा कितीही मोठी असो.

– ३५३(२) साठी दोन गट हवेत. एकाच गटाला वाईट वाटलं, दुसऱ्या गटाचा संबंधच नाही, तर हे कलम लागत नाही. जुन्या ५०५(२) बाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या बिलाल अहमद कालू निकालात हे स्पष्ट केलंय.

– सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) खाली आधी हजर राहण्याची नोटीस येते. ती आली तर ठरल्या वेळी जा, पोच घ्या, टाळाटाळ करू नका. नोटीस न पाळणं हेच पुढे अटकेचं कारण बनतं.

– स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक स्थितीत महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची असते. ही तरतूद २०१२ मध्येही होती.

– मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बोलण्या-लिहिण्याच्या अशा गुन्ह्यांत एफआयआरच्या आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) खाली प्राथमिक चौकशी करणं योग्य. ती १४ दिवसांत संपवायची असते. शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर मनाच्या, समंजस माणसाच्या मापाने. प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्याच्या मापाने नव्हे. हे माप आपल्या नागपूर उच्च न्यायालयाच्या १९४६ च्या निकालातून, न्या. व्हिव्हियन बोस यांच्याकडून आलेलं आहे.

अ‍ॅडमिनबद्दल: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात म्हटलं की सभासदाच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिन जबाबदार नाही, जोवर दोघांनी मिळून ठरवून ते केल्याचं दिसत नाही. पण तुम्ही स्वतः तो मजकूर पुढे पाठवलात तर तो तुमचाच झाला.

---

रात्रपाळी_डेस्क:

तिसऱ्या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे. वादाचा भाग त्याच दिवशी लिहावा. पहिल्या दिवशी जे छापलं जातं तेच पुढची वीस वर्षं जसंच्या तसं उचललं जातं. फक्त तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: निधनाची बातमी, मृत्युलेख आणि मत. गोंधळ होतो तो तिन्ही एकाच मजकुरात कोंबल्यामुळे.

बातमीत वेळ, ठिकाण, वय, आजार आणि हे कुणी सांगितलं ते. बाळासाहेबांच्या शेवटच्या आजारपणात निधनाच्या आदल्या दोन-तीन दिवसांत अफवांचं पीक आलं होतं. म्हणून डॉक्टर, कुटुंबीय किंवा शासन यांपैकी कुणाचा तरी थेट खुलासा येईपर्यंत ‘निधन’ हा शब्द टाकायचा नाही. ‘खात्रीलायक सूत्रांकडून’ वगैरे या बाबतीत चालत नाही.

मृत्युलेखात कार्य आणि वाद दोन्ही, आणि दोन्ही नोंदींसह. बाळासाहेबांचाच घ्या: जन्म पुणे, २३ जानेवारी १९२६. व्यंगचित्रकार, १९६० मध्ये ‘मार्मिक’, १९ जून १९६६ ला शिवसेना, १९८८ मध्ये ‘सामना’, १९९५ मध्ये युतीचं सरकार, स्वतः कधी निवडणूक लढवली नाही. मराठी तरुणांना नोकऱ्यांत जागा, शाखांचं जाळं, रुग्णवाहिका, हे लिहायचं. त्याच हाताने १९९२-९३ च्या दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा ठपका, आणीबाणीला दिलेला पाठिंबा आणि मतदानाचा हक्क सहा वर्षं गमावल्याचं लिहायचं.

चुका होतात त्या क्रियापदांत. ‘दंगलीत दोषी ठरले’ हे चूक, कारण आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. आयोग ठपका ठेवतो, शिक्षा देत नाही. ‘सर्व आरोपांतून निर्दोष सुटले’ हेही चूक. जुलै २००० मध्ये त्यांना अटक झाली आणि त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून प्रकरण बंद केलं. पुरावे तपासून दिलेला तो निकाल नव्हता. मतदानाचा हक्क गेला तो पार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतल्या प्रचारामुळे. तिथून निवडून आलेल्या डॉ. रमेश प्रभूंची निवड रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये ते कायम ठेवलं. तो ‘भ्रष्ट आचार’ निवडणूक कायद्यातला आहे. नुसतं ‘भ्रष्टाचार’ लिहिलंत तर वाचक पैसे खाल्ले असं समजेल, आणि ते खोटं ठरेल. एवढं काटेकोर लिहिलं की समर्थक चिडतो, पण खोडून काढू शकत नाही. विरोधकालाही त्याची जखम पुसली गेली असं वाटत नाही.

मत लिहायचंच तर नावानिशी, वेगळ्या पोस्टमध्ये. तेव्हाचे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष न्या. मार्कंडेय काटजू यांनी निधनानंतर दोनच दिवसांनी ‘द हिंदू’त लेख लिहून आपण श्रद्धांजली का वाहू शकत नाही ते मांडलं. मुद्दा होता भूमिपुत्रांच्या सिद्धांताचा आणि राज्यघटनेच्या १९(१)(इ) कलमाचा, देशात कुठेही राहण्याच्या हक्काचा. शरीर, आजार, कुटुंब याला हात लावलेला नव्हता. कडवी टीका कशी करावी याचा तो चांगला नमुना आहे, निष्कर्ष पटो न पटो.

---

सुतकाचे_दिवस:

डेस्कवाल्या साहेबांशी मी सहमत नाही. वर्तमानपत्राचं ठीक आहे, पण तालुक्याचा ग्रुप म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. तिथे गेलेल्याचा कार्यकर्ता, त्याचा भाचा, त्याने नोकरी लावलेला माणूस बसलेला असतो. अंत्यसंस्कार होईपर्यंत थांबलं तर सत्य कुठे पळून जात नाही. रावण पडल्यावर रामानेच बिभीषणाला ‘मरणान्तानि वैराणि’ म्हटलं होतं.

---

रात्रपाळी_डेस्क:

सुतकाचे_दिवस, त्या श्लोकाचा उत्तरार्धही घ्या ना: याचा संस्कार कर, तो जसा तुझा तसाच माझाही. राम अंत्यविधी अडवू नका म्हणतो. रावणाने काय केलं ते बोलू नका, असं तिथे म्हटलेलं नाही. अंत्ययात्रेत अडथळा नको, घरच्यांच्या भिंतीवर जाऊन शिव्या नकोत, हे शंभर टक्के मान्य. पण ज्यांची घरं दंगलीत जळली त्यांना ‘आज गप्प बसा’ सांगायचं आणि त्याच दिवशी गौरवाचे दहा लेख टाकायचे, हा न्याय नाही. थांबायचं असेल तर दोन्ही बाजूंनी थांबा. फक्त बातमी टाका, गौरवही दुसऱ्या दिवशी.

---

सुतकाचे_दिवस:

हे मान्य. दोन्ही बाजूंना एकच नियम असेल तर माझी हरकत नाही.

---

गट_चालक_कोकण:

प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे.

खात्रीची बातमी आली की आधी ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन संदेश पाठवणं फक्त अ‍ॅडमिनपुरतं करा. मग बातमी टाका, आणि खाली लगेच नियम. उलट क्रमाने केलंत तर मधल्या पाच मिनिटांत शंभर संदेश येतात आणि ग्रुप बंद केल्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्याला गप्प केलं असा लावतो. ग्रुप पुन्हा किती वाजता उघडणार ते त्याच संदेशात लिहा आणि ती वेळ पाळा.

नियम चारच ठेवा. मृत्यूचा आनंद किंवा शरीराची चेष्टा निघेल. कुणाचा पत्ता, फोन, फोटो, नोकरीचं ठिकाण निघेल आणि टाकणारा ग्रुपबाहेर जाईल. संपूर्ण जातीला किंवा धर्माला उद्देशून लिहिलेलं निघेल. नेत्याच्या निर्णयांवरची, भाषणांवरची टीका राहील, आणि कौतुकही राहील. चौथा नियम मोठ्याने सांगा, कारण तो नसला की पहिल्या तीन नियमांच्या आडून टीकाही काढली जाते.

धमकीचा संदेश दिसला तर लगेच पुसू नका. आधी नाव, नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, चॅट एक्स्पोर्ट करा, आणि मग सगळ्यांसाठी काढा. ज्याला धमकी आली त्याला ते पाठवा आणि जमाव निघाल्याची कुणकुण असेल तर ११२ ला फोन लावायला सांगा. पालघरच्या दवाखान्याची तोडफोड काही ऑनलाइन झाली नव्हती. मजकूर काढला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असं समजू नका.

---

टेम्सकाठ:

माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर ८ एप्रिल २०१३ ला गेल्या तेव्हा इथे ब्रिटनमध्येही हेच झालं. ब्रिक्स्टन आणि ग्लासगोत लोक रस्त्यावर येऊन नाचले, तर सेंट पॉल कॅथेड्रलमधल्या अंत्यविधीला लष्करी मान होता. ‘डेली टेलिग्राफ’ने शिवीगाळीमुळे त्या बातम्यांखालच्या प्रतिक्रिया बंदच ठेवल्या. विरोधकांनी चेटकीण मेल्याचं एक जुनं चित्रपटगीत विकत घेऊन घेऊन विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आणलं. बीबीसी रेडिओ १ ने ते पूर्ण न वाजवता बातमीच्या स्वरूपात पाचेक सेकंदांचा तुकडा आणि ते यादीत का आलं याचा खुलासा दिला. दोन्ही बाजू नाराज झाल्या, पण तो राग होता ही नोंद राहिली. तालुक्याच्या पानालाही हे जमण्यासारखं आहे: घाण मजकूर दाखवायचा नाही, पण राग आहे, तो कुणाचा आणि का, हे बातमी म्हणून द्यायचं.

---

तालुका_वार्ता:

सगळ्यांचे आभार. कलमवाले वकीलसाहेब, आणखी दोन शंका. गेलेल्या माणसाची बदनामी होते का? आणि दुकान उघडं ठेवलं म्हणून कुणी दमदाटी केली तर?

---

कलम_आणि_कागद:

होते. न्याय संहितेच्या कलम ३५६ (जुनं ४९९) च्या पहिल्याच स्पष्टीकरणात मृताचा उल्लेख आहे. पण दोन्ही गोष्टी लागतात: तो जिवंत असता तर त्याच्या नावाला धक्का बसला असता असा आरोप, आणि कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याचा हेतू. गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणून पोलीस थेट एफआयआर करत नाहीत. बाधित व्यक्तीनेच न्यायालयात तक्रार करायची. शाखाप्रमुख किंवा चाहता ही बाधित व्यक्ती नव्हे. सार्वजनिक कामाबद्दल सद्भावनेने मांडलेलं मत अपवादात येतं, म्हणून आयोगाचा अहवाल, निकालाची तारीख असं टेकू देऊन लिहा.

दुकानाचं: शासकीय दुखवटा म्हणजे सुट्टी नव्हे. दुखवट्यात झेंडा अर्ध्यावर येतो, सरकारी समारंभ होत नाहीत. सुट्टी असेल तर तसा वेगळा आदेश निघतो, आणि खासगी दुकानाने शटर ओढायचं की नाही ते मालक ठरवतो. सक्तीचा बंद केरळ उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये घटनाबाह्य ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. जुलै २००३ च्या मुंबई बंदसाठी मुंबई उच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी २० लाख भरायला लावले. दमदाटी झाली तर दुकानाच्या सीसीटीव्हीचं त्या वेळेचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी पेनड्राइव्हवर काढून घ्या, कारण बऱ्याच यंत्रांत काही दिवसांनी जुनं पुसून नवं चढतं. न्यायालयात ते दाखल करताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) त्यात नोंदवायची. म्हणून मूळ फाइल उघडून कापाकापी करू नका, नावही बदलू नका. पाठवायची झाली तर कॉपी पाठवा.